डहाणूहून परार्धाच्या उंबरठ्यापर्यंत

डहाणूच्या समुद्रावर ओहोटी लागली की पाणी दूरवर मागे हटतं आणि मागे ओली, सपाट, घट्ट वाळू उरते. लिहायला याहून मोठी पाटी तुम्हांला कुठे मिळणार नाही. एक काटकी उचला आणि वाळूवर शेजारी शेजारी नऊ एक काढा: १११११११११. त्याखाली पुन्हा तेच नऊ एक. आता गुणाकार करा, शाळेत शिकलात तसाच, एकेक घर डावीकडे सरकत.

पाढे लागत नाहीत, कारण प्रत्येक ओळ नऊ एकांचीच आहे. अशा नऊ ओळी होतात, प्रत्येक वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. आता उभी बेरीज. अगदी उजव्या घरात एकच एक आहे. त्याच्या डावीकडच्या घरात दोन, पुढे तीन, चार, पाच. नवव्या घरात नऊ. तिथून पुढे उतार: आठ, सात, सहा, आणि शेवटच्या सतराव्या घरात पुन्हा एक. बेरीज कुठल्याही घरात नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा कुठेच येत नाही. वाळूवर उत्तर उभं राहतं:

१२३४५६७८९८७६५४३२१.

ही संख्या नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या प्रवासात तीच तुमच्याबरोबर असणार आहे. आणि मान वर करा. समुद्र तोच आहे. साल तेवढं बदललं आहे.

शके ७९३, इसवी सन ८७१. तुमच्या उत्तरेला काही कोसांवर संजाण बंदर आहे. इथली सत्ता राष्ट्रकूटांची. गादीवर अमोघवर्ष, राजधानी दूर दक्षिणेला मान्यखेटला. त्या राजाचा याच सालचा ताम्रपट पुढे संजाणला सापडणार आहे. आणखी पंचावन्न वर्षांनी, शके ८४८मध्ये, कोरलेला दुसरा एक राष्ट्रकूट ताम्रपट आजच्या डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला मिळणार आहे; त्यात या संयान मंडळाचा कारभार पाहणाऱ्या मधुमती नावाच्या ताजिकाचा, म्हणजे मोहम्मद नावाच्या अरबाचा उल्लेख आहे. हा किनारा तेव्हा असा जगाशी बोलत होता.

पण तुम्ही इथे आलात ते दुसऱ्या कारणासाठी. याच अमोघवर्षाच्या राज्यात महावीराचार्य नावाचा जैन गणिती होऊन गेला. आपल्या ‘गणितसारसंग्रहा’त त्याने या राजाची स्तुती केली आहे, आणि त्याच ग्रंथात अशी गुणाकाराची उदाहरणं घातली आहेत की उत्तर माळेसारखं सुरेख यावं. त्यातलं एक करून पाहा: २७९९४६८१ गुणिले ४४१. उत्तर येतं १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी संख्या, असं तिचं वर्णन त्याने केलं आहे. तुम्ही वाळूवर काढलेल्या संख्येचीच ही धाकटी बहीण. सहा एकांचा वर्ग केला की ती मिळते. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी, डहाणूचा किनारा ज्या राजाच्या ताब्यात होता त्याच्याच राज्यात, एका माणसाला या चढउताराचा आनंद झाला होता आणि तो त्याने लिहून ठेवला.

आता वाळूवरची तुमची संख्या वाचायची आहे. आज आपण कोटी, अब्ज म्हणतो आणि तिथे अडखळतो. तीनशे वर्षं पुढे या, बाराव्या शतकात. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ लिहून झालेली आहे आणि तिच्यात प्रत्येक घराला नाव आहे. कोटीच्या वर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. ती लावून वाचा: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद. हे शिखर. तिथून खाली आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शतं, दोन दहं, एक. सतरा घरं, सतरा नावं. त्यापुढे फक्त परार्ध उरतो, आणि नावांची यादी तिथे संपते. तुमची संख्या परार्धाच्या एकच घर अलीकडे थांबली आहे.

चला, आता रेल्वेच्या काळात या.

१७ जानेवारी १९०५. डहाणू, जिल्हा ठाणे. या गावात आज दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला आहे. त्यांच्या घरापाशी तुम्ही आठ वर्षांनी, १९१३मध्ये पोचता. मुलाची आई नुकतीच गेली आहे. वडील कारकून आहेत आणि ज्योतिषाचा त्यांना नाद आहे. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच, आणि ती डोळ्यांसमोर होत असताना मुलगा ती पाहतो. त्या काळच्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून घेत असत. साडेतीनचा पाढा तोंडपाठ असलेली ती पिढी. आकडा कानावर पडत होता, जिभेवर खेळत होता, आणि मगच कागदावर उतरत होता. दत्तात्रयाचं गणित अखेरपर्यंत तसंच राहिलं: हाताने करण्याचं, डोळ्यांनी पाहण्याचं. मला वाटतं, ते समजून घ्यायचं तर इथे, डहाणूत, थोडा वेळ थांबावं लागतं. मोठ्या विद्यापीठात बसून ते कळत नाही.

मुलाबरोबर तुम्हीही ठाण्याला जाता, शाळेसाठी. मग पुण्याला, फर्ग्युसन कॉलेजात. १९२७मध्ये त्याला स्वतंत्र गणिती कामासाठीचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळतं. १९२९ला मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पदवी. पुढचं शिक्षण नाही. १९३०ला नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तरची नोकरी, आणि बत्तीस वर्षं तीच.

ठाणे, पुणे, देवळाली. या तिन्हींना जोडणारी वाट कल्याणच्या बाजूने जाते, आणि त्या वाटेवर मुंबईपासून तीस मैलांवर जी.आय.पी. रेल्वेचं एक स्थानक आहे. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. कापरेकरांनी त्याचं नाव डेम्लो असं दिलं आहे. तिथे तुम्ही फलाटावर उभे आहात. चढउतार असलेल्या संख्यांचा अभ्यास करायचा, ही कल्पना त्यांना याच स्थानकावर सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांना स्थानकाचं नाव देऊन टाकलं: डेम्लो संख्या. साधी डेम्लो संख्या म्हणजे १६५. टोकाचे १ आणि ५ मिळवले की मधला ६. किंवा २५५३: दोन आणि तीन मिळून पाच, आणि मधे पाचांची रांग. यांत सर्वांत देखण्या त्या एकांच्या रांगेच्या वर्गातून येतात, १, १२१, १२३२१ अशा. त्यांना कापरेकरांनी अद्भुत डेम्लो म्हटलं. वाळूवर तुम्ही काढलेली संख्या या रांगेतली नववी, आणि चढउतार बिनचूक ठेवणारी शेवटची.

शेवटची का, ते फलाटावरच पाहून घ्या. दहा एकांचा वर्ग करा. मधल्या घरात आता दहा येतात. शून्य मांडून एक हातचा. शेजारच्या घरात नऊ होते, त्यांचे दहा झाले, पुन्हा शून्य आणि हातचा एक. पुढच्या आठाचे नऊ. उत्तर: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना सातानंतर एकदम नऊ आले. आठ हातच्यात गेला.

हा गेलेला आठ पुन्हा भेटतो, आणि तिथे या मोठ्या संख्येचं पोट उघडतं. नऊ एकांना नवाने भागा. येतात १२३४५६७९. इथेही आठ नाही. एकाला एक्याऐंशीने भागून पाहा: दशांश चिन्हापुढे ०१२३४५६७९ ०१२३४५६७९ असं अखंड चालू राहतं, आणि त्यातही आठ नाही. कारण तेच, हातचा. आता या १२३४५६७९पुढे नऊ शून्यं द्या आणि त्यातून तोच १२३४५६७९ वजा करा. उसना घ्यावा लागतो, म्हणून शेवटच्या नवाचा आठ होतो, आणि वजाबाकी येते १२३४५६७८९८७६५४३२१. हातच्यात हरवलेला आठ उसन्यात परत आला. माझ्या दृष्टीने या संख्येतली ही सर्वांत सुंदर गोष्ट, आणि ती तिसरीच्या वजाबाकीने सिद्ध होते.

आणखी एक करा. संख्या दोन भागांत तोडा: डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ९८७६५४३२१. मिळवा. ९९९९९९९९९. नऊ नऊ, एकही इकडचा तिकडे नाही. आता तोडून मिळवण्याची ही रीतही कापरेकरांचीच आहे. ४५चा वर्ग २०२५. वीस आणि पंचवीस मिळून पुन्हा ४५. ५५चा वर्ग ३०२५; तीस आणि पंचवीस, ५५. २९७चा वर्ग ८८२०९. अठ्ठ्याऐंशी आणि दोनशे नऊ, २९७. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. आणि तुम्हांला आत्ता मिळालेली ९९९९९९९९९ हीसुद्धा त्यांतलीच एक. तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१. तोडून मिळवा, ती स्वतःच परत येते. म्हणजे डेम्लो संख्या दुमडली आणि आतून कापरेकर संख्या निघाली.

आता अंकांची बेरीज. एक ते आठ दोनदा, मधे नऊ: ८१. या ८१ने संपूर्ण संख्येला भाग जातो, निःशेष. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटलं. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि हा भागाकारही पूर्ण वर्ग आहे, त्याच १२३४५६७९चा. संख्येचे मूळ अवयव काढलेत तर तीनच सापडतील: ३, ३७ आणि ३३३६६७. तीनचा चौथा घात, बाकी दोघांचे वर्ग. बस. अंकांची एवढी मोठी मिरवणूक, पण ती उभी आहे तिघांवर.

१९४६. देवळाली. लष्करी छावणीचं गाव, आणि तिथे एक शाळामास्तर वेगळ्याच खेळात गुंगलेले आहेत. तुम्ही त्यांच्यामागे उभे राहा. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्यापासून लहान असे लावायचे, मग लहानापासून मोठे, आणि वजा करायचं. जे येईल त्यावर पुन्हा तेच. शून्य आलं तर सोडायचं नाही, त्यालाही घर द्यायचं.

त्यांचं जन्मसालच घ्या, १९०५. ९५१० वजा ०१५९, ९३५१. ९५३१ वजा १३५९, ८१७२. पुढे ७४४३. मग ३९९६. मग ६२६४. मग ४१७६. मग ६१७४. आता ६१७४वर तीच क्रिया करा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. गाडी इथे थांबली. कुठूनही निघा, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतोच. सातपेक्षा जास्त कधीच लागत नाहीत. १९०५ला पूर्ण सात लागल्या.

ज्या सालात हे सापडलं ते १९४६ घ्या. ९६४१ वजा १४६९, ८१७२. ओळखीची संख्या! आणि तिथून पुढची वाट अगदी तीच. हा योगायोग वाटतो, पण त्यामागे नियम आहे. वजाबाकीचं उत्तर चारही अंकांवर अवलंबून नसतंच. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक ९९९ पट करा, मधल्या दोघांतला फरक ९० पट करा, आणि मिळवा. १९४६मध्ये हे फरक ८ आणि २. आठ गुणिले ९९९ म्हणजे ७९९२, अधिक १८०, ८१७२. हजारो चार अंकी संख्या अशा मोजक्याच फरकांच्या जोड्यांत मावतात, आणि त्या तपासून ६१७४ची सिद्धता पुरी होते. कागद, पेन्सिल आणि एक निवांत दुपार.

याच सुमाराला डहाणूकडे एकदा वळून पाहा. २३ मे १९४५ला तलासरीतल्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही असं त्यांनी ठरवलं. गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे होते. लग्नापुरतं कर्ज काढून आयुष्यभर राबणारा माणूस, ज्याला इथे लग्नगडी म्हणत, त्याला सावकाराच्या वहीतला आकडा वाचता येत नव्हता. ज्या मातीत एक मूल आकड्यांशी खेळत वाढलं, त्याच मातीत दुसऱ्या घरांमध्ये आकडा गळ्यातला फास होता. डहाणूचं गणित सांगताना ही दुसरी बाजू गाळली तर ते अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

१९४९, मद्रास. गणिताच्या परिषदेत कापरेकर ६१७४ मांडतात. सभागृहात मोठी माणसं आहेत, आणि अनेकांना हे काम क्षुल्लक वाटतं. त्यांचा आक्षेप तुम्ही नीट ऐका, तो पोकळ नाही. हे गुण संख्येचे नाहीत, दहाच्या पद्धतीने ती लिहिण्याचे आहेत. बारा अंकांची पद्धत असती तर एकाची रांग अकरापर्यंत चढली असती आणि ६१७४ला कोणी ओळखलंही नसतं. खरं आहे. पण दहाच्या पद्धतीत जे घडतं तेही सिद्धच करावं लागतं, आणि जी पद्धत पाटीवर, बाजारात, तिकिटावर, सावकाराच्या वहीत सगळीकडे आहे तिच्या आत काय चाललंय हे पाहणं कमी दर्जाचं कसं? पदवीच्या पुढे न गेलेला मास्तर पोरांना शिकवता शिकवता नवं काही शोधतो ते नेमकं इथेच. माझं मत कापरेकरांच्या बाजूचं आहे.

पुढे ६१७४वरचा लेख ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकी नियतकालिकात येतो. १९६२ला निवृत्ती. पेन्शन पुरत नाही, म्हणून मास्तर गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेतात. त्यांचा आणखी एक शोध: १५मध्ये तिचे अंक १ आणि ५ मिळवले की २१ येतात, पण २० अशा कुठल्याच संख्येतून येत नाही. अशा कुठूनच न येणाऱ्या संख्यांना देवळाली संख्या असंही नाव मिळालं आहे. १२१ही त्यांतलीच, आणि १२१ म्हणजे दोन एकांचा वर्ग, तुमच्या मोठ्या संख्येच्या घराण्यातली. लोक त्यांना गणितानंद म्हणत.

मार्च १९७५. ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात मार्टिन गार्डनर कापरेकरांविषयी लिहितात आणि सत्तरीच्या या मास्तरांचं नाव जगभर जातं. सालावर क्रिया करा: ९७५१ वजा १५७९, ८१७२. १९८६ला देवळालीलाच त्यांचं निधन झालं. ९८६१ वजा १६८९, पुन्हा ८१७२. फरक तेच, ८ आणि २.

आता आपल्या काळात परत या. २०२५ साल येऊन गेलं. ते ४५चा वर्ग होतं, आणि तोडून मिळवलं की ४५ देणारं. असं पुढचं साल ३०२५.

डहाणू आता ठाणे जिल्ह्यात नाही. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला. त्या सालीही क्रिया करून पाहा: ४२१० वजा ०१२४, ४०८६. ८६४० वजा ०४६८, ८१७२. पुढची वाट तुम्हांला पाठ आहे. एकूण सात पायऱ्या, बरोबर १९०५इतक्याच.

म्हणून डहाणू आणि तलासरीतल्या जिल्हा परिषद शाळांच्या, आश्रमशाळांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. १७ जानेवारीला वर्गात फळ्यावर नऊ एक लिहा, त्याखाली पुन्हा नऊ एक, आणि गुणाकार मुलांना करू द्या. उत्तर आधी सांगू नका. मग प्रत्येकाला आपापलं जन्मसाल घेऊन ६१७४पर्यंत जाऊ द्या, आणि कुणाला किती पायऱ्या लागल्या ते फळ्यावर मांडा. वारली, धोडिया, कोळी, मांगेला, कुणाचंही मूल असो, वजाबाकी येते तेवढं पुरे. आणि हे शोधणारा माणूस याच गावात जन्मला होता, हे त्यांना नावासकट सांगा.